थर्स्टनची पँट, चेबिशेवचं कापड आणि अंगावर न बसणारं ब्लाऊज

लंबकोन

पीएचडी केली जिऑमेट्रिक ग्रुप थिअरीत आणि पोट भरतोय कपड्यांच्या डिजिटल फिटवर. माणसाचं थ्रीडी स्कॅन घ्यायचं, त्यावर संगणकातच कपडा चढवायचा आणि तो कुठे ताणतोय, कुठे झोळ खातोय हे कात्री लावायच्या आधी सांगायचं, हे माझं काम. नातेवाइकांना पहिली गोष्ट समजावता येत नाही आणि दुसरी सांगितली की "म्हणजे टेलरच ना?" असं विचारतात. हल्ली मी सरळ हो म्हणतो.

या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, असं विचारणारे बरेच भेटतात. म्हणून एकदा नीट लिहितो.

सुरुवात पँटपासून, कारण टोपॉलॉजीत, म्हणजे ताणलं-वाकवलं तरी न बदलणाऱ्या आकारांच्या गणितात, 'पँट' ही अधिकृत संज्ञा आहे. तीन काठ असलेला पृष्ठभाग: एक कंबर, दोन पाय. दोन भोकांचा मेदूवडा डोळ्यांसमोर आणा. त्याचा पृष्ठभाग बरोबर दोन पँटींत कापता येतो. तीन भोकं असतील तर चार पँटी लागतात. आता एका पँटवर हायपरबोलिक भूमिती चढवा, म्हणजे प्रत्येक बिंदूपाशी खोगिरासारखी वक्रता, उणे एक, आणि तिन्ही काठ जिओडेसिक, म्हणजे त्या पृष्ठभागावर शक्य तितके सरळ, ठेवा. मग त्या पँटचं सगळं रूप तीन आकड्यांत संपतं: कंबरेचा घेर आणि दोन पायांच्या बॉटमचे घेर. त्या तीन मापांची पँट जगात एकच. उंची, मांडी, सीट काहीही विचारायचं नाही. दोन पँटी जोडताना प्रत्येक शिवणीवर किती पीळ द्यायचा हा एकेक आकडा वाढतो, म्हणून दोन भोकांच्या वड्याला एकूण सहा आकडे लागतात. फेन्शेल आणि निल्सन या दोघांच्या नावाने हे सहनिर्देशक ओळखले जातात आणि माझ्या विषयात ते रोज लागतात.

आता कपड्यांच्या कुठल्याही साइटवर जा. साइझ चार्टसुद्धा तीनच आकडे विचारतो: छाती, कंबर, सीट. हायपरबोलिक विश्वात तो चार्ट बिनचूक चालला असता! आपल्या अंगाची वक्रता मात्र जागोजागी बदलते. पाठीच्या पात्यावर चेंडूसारखी धन, कंबरेच्या बाजूला खोगिरासारखी ऋण, काखेत ऋण, छातीवर धन. अशा पृष्ठभागाला तीन आकडे कुठून पुरणार?

आणि कापड तर सपाट. गाऊसने १८२७ मध्ये दाखवलं की पृष्ठभाग नुसता वाकवून त्याची वक्रता बदलत नाही. बदलायची असेल तर ताणा, कापा किंवा चुण्या घाला. पण विणलेल्या कापडाकडे आणखी एक युक्ती असते. ती गणितात आणली चेबिशेवने. १८७८ साली पॅरिसमध्ये या रशियन गणितज्ञाने चक्क 'कपडे बेतण्याविषयी' व्याख्यान दिलं. (दंतकथा अशी की "सोयीसाठी मानवी शरीर गोल आहे असं समजू" हे पहिलंच वाक्य ऐकून आलेले शिंपी उठून गेले.) त्याचं म्हणणं असं: उभे आणि आडवे धागे लांबीला ताणत नाहीत, पण त्यांच्यातला काटकोन मोडू शकतो. चौकोन समांतरभुज होतो आणि कापड अंगावर बसतं. उरेब, म्हणजे तिरकी कापलेली, पट्टी गळ्याच्या गोलाईवर बसते ती याच कारणाने.

या युक्तीला मर्यादा आहे. अशा जाळीच्या एका चौकोनी तुकड्यात एकूण वक्रता (सगळ्या बिंदूंची मिळून, ती अंशांत मोजतात) ३६० अंशांच्या आतच राहते. अख्ख्या चेंडूची वक्रता ७२०. म्हणजे अर्धा चेंडूदेखील एका तुकड्यात जेमतेम मर्यादेवर येतो. बाकी सगळी शिवणकलेची हद्द.

याच मर्यादेचा दुसरा परिणाम मला फार आवडतो. १९०१ मध्ये हिल्बर्टने सिद्ध केलं की पूर्ण हायपरबोलिक प्रतल, म्हणजे सगळीकडे उणे एक वक्रतेचा अमर्याद पृष्ठभाग, आपल्या त्रिमित अवकाशात गुळगुळीतपणे मावूच शकत नाही. सिद्धतेत तो काय करतो, तर त्या प्रतलावर चेबिशेवची जाळी पसरवतो! एकूण वक्रता ३६० च्या आत हवी, आणि हायपरबोलिक प्रतलाचं क्षेत्रफळ अनंत, म्हणून एकूण वक्रताही अनंत. विसंगती, संपलं. चेंडूवर कापड न बसण्याचं कारण आणि हायपरबोलिक प्रतल घरात न मावण्याचं कारण एकच.

शीर्षकातल्या विल्यम थर्स्टन या गणितज्ञावर बोलायचंय, पण ते पुढच्या प्रतिसादात. जेवायला बोलावतायत.

मावळतीकर

वाचतोय. शेवटचा परिच्छेद दोनदा वाचला, दुसऱ्यांदा कळला.

पण मूळ ग्रुप थिअरी कुठे आली यात? आमच्या वेळी बीएस्सीला 'ग्रुप' म्हणजे क्लोजर, असोसिएटिव्हिटी, आयडेंटिटी, इन्व्हर्स घोकून लिहायचं. त्यात पँट नव्हती.

लंबकोन

काका, तीच पँट परत घ्या. नाभीपाशी एक बिंदू धरा. तिथून दोरी सोडायची, डाव्या पायाभोवती एक वळसा घालून परत बिंदूपाशी आणायची. याला 'डा' म्हणू. उजव्या पायाभोवतीचा वळसा 'उ'. उलटे वळसे हे त्यांचे इन्व्हर्स. आधी डा मग उ, आणि आधी उ मग डा, हे वळसे वेगळे. एकातून दुसरा दोरी न तोडता मिळत नाही. कंबरेभोवतीचा वळसा म्हणजे दोघांचा गुणाकार. हा झाला पँटचा ग्रुप. घोकलेले चारही नियम त्यात आहेत.

आता या ग्रुपचा नकाशा काढा. प्रत्येक घटक एक बिंदू, एक वळसा वाढवला की पुढच्या बिंदूकडे रेघ. पँटसाठी हा नकाशा म्हणजे झाड निघतं, प्रत्येक फाट्यावर चार फांद्या. एका पावलावर ४ बिंदू, दोन पावलांवर १२, मग ३६, १०८. दहाव्या पावलावर ७८,७३२. ग्रुप म्हणजे नुसती चिन्हांची यादी न मानता असा नकाशा मानायचा आणि त्याचा आकार दुरून कसा दिसतो ते बघायचं, हे जिऑमेट्रिक ग्रुप थिअरीचं काम. माक्स डेनने १९११-१२ च्या सुमारास पृष्ठभागांच्या ग्रुपसाठी याची पायाभरणी केली. त्याचा प्रश्न होता, एखादा लांबलचक वळसा शेवटी सुटा होतो की नाही, हे ठरवायचं कसं? १९८७ मध्ये ग्रोमोव्हच्या 'हायपरबोलिक ग्रुप्स' या निबंधाने विषयाचा चेहरामोहरा बदलला.

या वळशांचा कपडा अंगावर बसण्याशी संबंध शून्य, हेही सांगून टाकतो. दोरीला ताण कळत नाही. फिटसाठी लांबी आणि कोन लागतात. संबंध येतो तो भूमितीच्या बाजूने.

चार्वाक_२

लेख रंजक आहे. पण सरळ विचारतो: तुमच्या कंपनीच्या कोडमध्ये ग्रोमोव्हचं एक तरी प्रमेय आहे का? की पीएचडी झालेल्या माणसाला नोकरी लागली आणि आता मागाहून नातं जोडणं चाललंय?

माझ्या मते कपडे न बसण्याचं कारण भूमिती नाहीच. कोणाची मापं घेतली, हे कारण आहे. अमेरिकेत १९३९-४० मध्ये ओब्रायन आणि शेल्टन यांनी सरकारी खर्चाने सुमारे १५ हजार बायकांची प्रत्येकी ५९ मापं घेतली. त्यातून गोऱ्या बायकांचीच आकडेवारी वापरली. पुढे त्याच आधारावर १९५८ मध्ये साइझचं मानक आलं आणि १९८३ मध्ये ते मागेही घेतलं. आपल्याकडे वर्षानुवर्षं ब्रिटिश नाहीतर अमेरिकन साइझच्या चिठ्ठ्या लागतायत. 'इंडियासाइझ' हे वस्त्रोद्योग मंत्रालय आणि निफ्ट या फॅशन संस्थेचं सर्वेक्षण जाहीर झालं २०१८ मध्ये: सहा शहरं, २५ हजार माणसं, थ्रीडी स्कॅनर. मुंबईही त्यात आहे. आधी हे व्हायला हवं होतं, हिल्बर्ट नंतर.

लंबकोन

ग्रोमोव्हचं एकही प्रमेय कोडमध्ये नाही. रोजचं काम रेषीय बीजगणित, सांख्यिकी आणि दुसऱ्याने लिहिलेल्या सी++ मधल्या चुका शोधणं हे आहे.

मापं कोणाची, हा मुद्दा मान्य. उलट मी तुमच्या हातात आणखी दारूगोळा देतो. २०१५ मध्ये ट्युबिंगेनच्या माक्स प्लांक इन्स्टिट्यूटमधून 'एसएमपीएल' नावाचं मानवी शरीराचं मॉडेल आलं. आज संशोधनात सगळीकडे तेच दिसतं. ६,८९० बिंदूंची जाळी, आणि शरीराचा आकार साधारणपणे दहा आकड्यांनी ठरतो. ते दहा आकडे आले 'सीझर' या शरीरमापांच्या सर्वेक्षणावरून. ते अमेरिका, नेदरलँड्स आणि इटलीत झालं. भारतीय शरीरं त्यात शोधायला जाऊ नका.

पण मापं भरपूर घेतली की काम झालं, हे मला पटत नाही. गिल्बर्ट डॅनियल्सने अमेरिकन हवाई दलाच्या ४,०६३ वैमानिकांची दहा मापं तपासली, १९५० च्या सुमारास. दहाही मापांत 'सरासरी' असलेला वैमानिक एकही सापडला नाही. सरासरी ही प्रत्येक मापाची वेगवेगळी काढता येते, शरीराची म्हणून काढायची तर 'दोन शरीरांच्या मधलं शरीर' म्हणजे काय हे आधी ठरवावं लागतं. इथे माझा जुना विषय डोकावतो. पृथ्वीच्या गोलावर उत्तर आणि दक्षिण ध्रुवाचा मध्यबिंदू सांगा! अख्खं विषुववृत्तच मध्यबिंदूंचं. ज्या अवकाशाची वक्रता कुठेच धन नाही आणि ज्यात भोकंही नाहीत, तिथे असा घोटाळा होत नाही, सरासरी एकच निघते. २००१ मध्ये बिलेरा, होम्स आणि फोग्टमान या तिघांनी उत्क्रांतीच्या वंशवृक्षांसाठी असं अवकाश बांधलं. त्यातली कॅरन फोग्टमान ही आमच्या विषयातली मोठी असामी. शरीरांच्या अवकाशाची वक्रता अशी सोयीची निघेलच असं नाही, म्हणून उद्योगात सगळे मुकाट्याने सदिशांची, म्हणजे आकड्यांच्या याद्यांची, बेरीज करून भागवतात.

टाचणी

मी ब्लाऊज शिवते, डोंबिवलीत. गणितातलं निम्मं डोक्यावरून गेलं पण 'तीन आकडे पुरत नाहीत' हे अगदी बरोबर. छत्तीस छाती म्हणून दोन बायका येतात. एकीची पाठ रुंद असते, दुसरीची छाती भरलेली. टेप दोघींना छत्तीसच दाखवते. म्हणून आम्ही वरची छाती, पॉइंटची (छातीच्या टोकाची) उंची, दोन पॉइंटमधलं अंतर, पाठ, मुंढा, खांद्याचा उतार असं सगळं घेतो. आणि तरी म्हणतो, मापाचं ब्लाऊज घेऊन या.

त्या ब्लाऊजची मापं मी टेपने फारशी घेतच नाही. उलटं करून टेबलावर टाकते आणि टक कुठे दिलाय, किती खोल दिलाय, माया (शिवणीतलं जादा कापड) कुठे जास्त सोडलीय, कुठे उसवून परत मारलंय ते बघते. ते सगळं गिऱ्हाईक तोंडाने सांगू शकत नाही.

मला एवढंच विचारायचंय. साधा चार टकांचा, कटोरी आणि प्रिन्सेस कट, एकाच बाईला तिन्ही शिवले तर प्रिन्सेस सर्वांत गुळगुळीत का बसतो? टकाच्या टोकाला नेहमी एक टोचरं टोक येतं. कितीही निमुळता मारला तरी इस्त्रीनंतर दिसतं. यामागे गणित आहे का?

लंबकोन

टाचणीताई, या धाग्यातला सगळ्यात चांगला प्रश्न. आणि थर्स्टनही इथेच येतो.

टक म्हणजे कापडातून एक पाचर काढून दोन कडा जोडणं. पाचरीचा कोन १५ अंश असेल तर टकाच्या टोकावर १५ अंश वक्रता एकाच बिंदूत कोंबली जाते. बाकी कापड सपाटच राहतं. शंकूचं टोक कसं टोकदार असतं, तसंच ते. निमुळता टक मारून तुम्ही ते टोक थोडं पसरवता, पण जागा तीच. उलट घेर वाढवायला कळी घालता तेव्हा कोन वाढतो, म्हणजे ऋण वक्रता. काखेत चौकोनी तुकडा घालतात तेही तेच. टक काढतो, कळी भरते.

आता प्रिन्सेस. दोन पाकळ्या, दोन्हींच्या कडा वाकड्या, आणि एकीचं वळण दुसरीशी जुळत नाही. जोडल्यावर दोन्ही कडांची वळणं मिळून जेवढी बेरीज येते तेवढी वक्रता शिवणीवर उभी राहते. एका बिंदूत न राहता ती शिवणभर वाटली जाते. म्हणून टोचत नाही.

हा हिशोब किती चोख बसतो ते बघा. आठ समभुज त्रिकोण घेऊन अष्टफलक बनवा. प्रत्येक कोपऱ्यात चार त्रिकोण येतात, ६० चौक २४०. ३६० ला १२० कमी. सहा कोपरे, एकूण ७२०. चेंडूची एकूण वक्रता एवढीच, पण सगळी सहा टोकांत. आता त्रिकोणांच्या बाजू बाहेर फुगवा, एवढ्या की प्रत्येक कोन ९० चा होईल. कोपऱ्यात चार नव्वद ३६०, टोक गायब! त्यासाठी प्रत्येक बाजूला ३० अंशांचं वळण द्यावं लागतं. शिवणीवर दोन बाजू भेटतात म्हणजे ६०, आणि शिवणी बारा. बारा गुणिले साठ ७२०. एक अंशही हरवला नाही. सहा टोकांतली वक्रता बारा शिवणींवर पसरली आणि चेंडू गोल दिसायला लागला. टकाचं प्रिन्सेस करणं म्हणजे हेच.

कपडे बेतण्यावरून सुचलेली ही अष्टफलकाचा गोल करण्याची रीत केली डेल्प आणि थर्स्टन या जोडीने, २०११ मध्ये. निबंधाच्या नावातच 'मंकी पँट्स' आहेत. आणि हा थर्स्टन म्हणजे कोण? १९८२ चा फील्ड्स पदकविजेता. त्रिमित अवकाशांचे तुकडे केले तर प्रत्येक तुकड्यावर आठ भूमितींपैकी एक सापडते, हे भाकीत त्याचं. ते सिद्ध केलं पेरेलमानने, २००२-०३ मध्ये. हायपरबोलिक पँटींचं आजचं शास्त्र बरंचसं त्याच्यामुळेच उभं आहे. २०१० च्या मार्चमध्ये पॅरिसला इस्से मियाके या जपानी फॅशन घराण्याने 'प्वांकारे ओडिसी' नावाचा संग्रह मांडला. दाई फुजिवारा तेव्हा तिथे मुख्य होता. संग्रहाचा आधार थर्स्टनच्या आठ भूमिती. २०१२ मध्ये थर्स्टन गेला. त्या शेवटच्या काळात हा माणूस कागद, फोम आणि शिवणी यांत रमला होता, हे मला त्याच्या कुठल्याही प्रमेयाइतकंच महत्त्वाचं वाटतं.

टाचणी

म्हणजे टकातली पाचर आम्ही कापून दोन पाकळ्यांत वाटतो. शिकवताना असं सांगत नाहीत, 'पॉइंटवरून कापा आणि कडा गोल करा' एवढंच सांगतात. कटोरीत टक आणि गोल शिवण दोन्ही असतं, म्हणून ती मधली.

लंबकोन

अगदी.

चार्वाक_२

प्रिन्सेस कटचा हिशोब आवडला. पण फॅशन शोचं मला कौतुक नाही. आठ भूमिती 'प्रेरणा' म्हणून वापरल्या म्हणजे नक्की काय वापरलं? त्या आठांपैकी 'सोल' भूमितीचा स्कार्फ घातल्याने थंडी कमी वाजते का?

अर्धवर्तुळ

चार्वाक, शो सोडून द्या. मी कॉम्प्युटर ग्राफिक्समध्ये आहे, थर्स्टनपासून फिटपर्यंतचा खरा रस्ता मला माहीत आहे, तो सांगतो.

१९८५ मध्ये थर्स्टनने सुचवलं की एखादा भाग छोट्या वर्तुळांनी खच्चून भरला आणि ती वर्तुळं एकमेकांना स्पर्श करत ठेवून दुसऱ्या आकारात बसवली, तर कोन जपणारा नकाशा मिळतो. वर्तुळं जितकी बारीक तितका अचूक. रॉडिन आणि सलिव्हन यांनी १९८७ मध्ये ते सिद्ध केलं. चौ आणि लुओ यांनी २००३ मध्ये हीच गोष्ट प्रवाहासारखी चालवायची रीत दिली: प्रत्येक बिंदूवर वक्रता किती हवी ते सांगा, वर्तुळांच्या त्रिज्या हळूहळू बदलत तिथपर्यंत पोचतात. पेरेलमानने वापरलेल्या रिची प्रवाहाचं हे जाळीवरचं रूप.

स्कॅन केलेलं शरीर म्हणजे त्रिकोणांची जाळीच. ती सपाट करायची म्हणजे सगळीकडे शून्य वक्रता मागायची. पण एकूण बेरीज बदलता येत नाही, म्हणून ती काही निवडक बिंदूंत गोळा करायची. त्या बिंदूंना आम्ही 'कोन सिंग्युलॅरिटी' म्हणतो (हा 'कोन' इंग्रजीतला, म्हणजे शंकू). टाचणीताईंच्या भाषेत टकाचं टोक! टोकं कुठे ठेवली तर कापड सगळ्यात कमी ताणेल यावर २०१८ मध्ये सोलिमान, स्लेपचेव्ह आणि क्रेन यांचा शोधनिबंध आहे. ब्लाऊज शिवणाऱ्या बायका हा प्रश्न हाताने सोडवत आल्या आहेत.

मात्र कोन जपणारे नकाशे लांबी आणि क्षेत्रफळ जपत नाहीत, आणि कापडाचं उलटं: ते लांबी फारशी सोडत नाही, कोन सोडतं. सुती कापड धाग्याच्या दिशेने जवळपास ताणतच नाही, तिरकं ओढलं की सहज सरकतं. चेबिशेवचंच म्हणणं. त्यामुळे चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये कापडाचे ताण, सरक आणि वाकण्याचे आकडे वेगळे मोजून घालतात. त्यासाठी जपानच्या कावाबाताने १९७० च्या दशकात यंत्रं बनवली, अजून तीच पद्धत चालते. संगणकात कापड वेगाने हलवण्याचं मोठं काम बाराफ आणि विटकिन यांचं, १९९८ चं.

क्रोशेवाली

हायपरबोलिक प्रतल घरात मावत नाही म्हणता, माझ्याकडे एक आहे. क्रोशाने विणलंय.

कॉर्नेल विद्यापीठात दाइना ताइमिना यांनी १९९७ मध्ये ही रीत काढली. नेम एकच ठेवायचा, उदाहरणार्थ दर पाच टाक्यांमागे एक वाढवायचा. मग ओळीतले टाके दर वेळी सहा-पंचमांश होतात. दहा ओळींत सहापटीच्या वर, वीस ओळींत अडतीसपट. झालर झालर होत जाते आणि लोकर संपते. लंबकोन यांच्या झाडाच्या फांद्या अशाच वाढत होत्या ना?

लंबकोन

तशाच. घातांकी वाढ दोन्हीकडे. तुमच्याकडे आहे तो प्रतलाचा तुकडा. हिल्बर्टचा आक्षेप अख्ख्या प्रतलाला आहे. विणत राहिलात तर झालर स्वतःवरच आदळायला लागेल.

मावळतीकर

आपल्याकडे, मुंबईत वगैरे, कोणी करतं का हा विषय?

अर्धवर्तुळ

काका, कुलाब्याला टीआयएफआर या मूलभूत संशोधन संस्थेत महान महाराज आहेत, गणितात महान एमजे या नावाने लिहितात. रामकृष्ण मिशनचे संन्यासी. कॅनन आणि थर्स्टन यांच्या नावाचे नकाशे नेहमी अस्तित्वात असतात का, हा पृष्ठभागांच्या ग्रुपबद्दलचा जुना प्रश्न त्यांनी सोडवला. २०११ मध्ये भटनागर पुरस्कार, २०१५ मध्ये इन्फोसिस. ढोबळमानाने: पृष्ठभागाच्या हायपरबोलिक जगाची कड म्हणजे एक वर्तुळ. ते वर्तुळ न तुटता गोलाच्या पृष्ठभागावर असं पसरतं की काही प्रसंगी अख्खा गोल भरून टाकतं. एका दोऱ्याने चेंडू झाकायचा, आणि तोही पूर्ण.

नऊवारी_नार

एवढा सगळा खटाटोप शिवलेल्या कपड्याचा आहे. नऊवारीला कुठलं माप? तीच साडी आजी नेसते, तीच नात. टक नाही, कळी नाही. जिथे कापड जास्त होतं तिथे निरी घातली, जिथे कमी पडतं तिथे सैल सोडलं. कासोटा घातला की दोन पायही झाले, कात्री न लावता.

आता मात्र शिवलेली नऊवारी मिळते, पायजम्यासारखी चढवायची. आणि लगेच एक्स्ट्रा लार्ज आहे का म्हणून विचारावं लागतं.

टाचणी

शिवलेल्या नऊवारीत मांडीपाशी सगळ्यांची बोंब असते. बसलं की ओढते. कंबर-सीट बरोबर असूनही.

लंबकोन

कारण तिथे खोगिरासारखी वक्रता आहे आणि बसताना ती बदलते. आमच्या सॉफ्टवेअरची हीच दुखती नस. स्कॅन घेतलं जातं हात थोडे बाजूला करून, ताठ उभं राहून. पडद्यावर कपडा हिरवा दिसतो, म्हणजे ताण नाही. तोच माणूस रिक्षात बसला की मागचा भाग लालभडक. जपानच्या झोझो कंपनीने २०१८ मध्ये पांढऱ्या ठिपक्यांचा काळा सूट लोकांना घरी पाठवला होता. तो घालून फोनसमोर गोल फिरायचं, ठिपक्यांवरून शरीराचा आकार निघायचा. कल्पना झकास होती. पण तिथेही माणूस उभाच.

मावळतीकर

पुरुषांच्या शर्टाला टक दिसत नाहीत. पाठीचं पातं तर आम्हालाही आहे. मग तिथली वक्रता जाते कुठे?

टाचणी

योकमध्ये. खांद्याखाली पाठीवर जी आडवी शिवण असते, तिच्या वरचा तुकडा योक. खालच्या पाठीची वरची कड बाहीकडे किंचित उतरती बेततात. म्हणजे पातं सांभाळणारा टकच, शिवणीत लपवलेला. स्वस्त शर्टात ती कड सरळच कापतात, म्हणून मुंढ्यापाशी तिरकी घडी पडते. तुमचा शर्ट उलटा करून बघा, काका. योकच्या शिवणीत कापड दोन्ही बाजूंना समान आहे की बाहीकडे थोडं जास्त खाल्लंय ते कळेल.